आधी कागद, मग संगणक: ॲनिमेशन शिकू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी

ॲनिमेशन शिकायचे ठरवून येणारा जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी पहिला प्रश्न सॉफ्टवेअरचा विचारतो: कोणते शिकू, कोणते सोपे, कोणत्याने काम मिळते? मी त्याच्या हातात एक संत्रे आणि एक रबरी चेंडू देते, दोन्ही टेबलाच्या उंचीवरून फरशीवर सोडायला सांगते आणि जे दिसले ते वहीत लिहून काढायला लावते. नागपुरात संत्र्याला तोटा नाही, त्यामुळे साहित्याची अडचण सहसा येत नाही. पहिल्या दिवशी बहुतेकांच्या वहीत एवढेच असते की चेंडू उसळला आणि संत्रे उसळले नाही. आठवडाभर रोज हेच केल्यावर मात्र तीच मुले लिहू लागतात की संत्रे आदळताच जेमतेम बोटभर उसळले, लगेच खाली बसले, एका अंगाला कलंडले आणि वीतभर घरंगळून, जरासे मागे झुकून मग थांबले. ही नजर तयार झाली की सॉफ्टवेअर कोणतेही असो, ते दोन-तीन महिन्यांत हाती बसते.

म्हणून माझी पद्धत अशी आहे की प्रत्येक सराव दोनदा करायचा. आधी तो कागदावर पेन्सिलीने करावा, मग तोच संगणकावर करावा आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहावेत. केवळ कागदावर शिकलेला विद्यार्थी आजच्या कामाच्या वेगाला कमी पडतो, आणि केवळ संगणकावर शिकलेल्याला हालचाल कुठे चुकली हे कळते पण का चुकली हे सांगता येत नाही.

कागद, पेग बार आणि लाइट बॉक्स

पारंपरिक ॲनिमेशनचा सगळा डोलारा एका साध्या गोष्टीवर उभा असतो: प्रत्येक कागद अगदी त्याच जागी बसला पाहिजे. त्यासाठी कागदाला भोके पाडून ती खुंट्यांवर अडकवतात. या खुंट्यांच्या पट्टीला पेग बार म्हणतात. व्यावसायिक पेग बारला तीन खुंट्या असतात आणि त्याच्या पंचची किंमत विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेर जाते. घरी करायचा उपाय सोपा आहे. कार्यालयात फाइलसाठी वापरतात त्या साध्या पंचने पडणाऱ्या दोन भोकांच्या मध्यांमधले अंतर ८० मिलिमीटर असते. सुताराकडून फूटभर लांबीची लाकडी पट्टी घ्यावी, तिच्यावर बरोबर ८० मिलिमीटर अंतरावर दोन छिद्रे पाडून पंचच्या भोकात घट्ट बसतील अशा जाडीच्या दोन गोल खुंट्या बसवाव्यात आणि कागदाच्या लांब बाजूला, खालच्या अंगाला पंच मारावा. पंच मारताना कागद मध्यखुणेला नीट लावावा आणि एका वेळी चार-पाचच घ्यावेत. जास्त घेतले की खालच्या कागदाची भोके सरकतात.

शिकत असताना मी स्वतः पेग बारचा कंटाळा करून कागदाचे कोपरे जुळवत साठ चित्रे काढली होती. एक बाई घागर उचलते, एवढाच प्रसंग होता. चित्रे एकामागून एक पाहिली तेव्हा घागर हलत होती, बाई हलत होती आणि तिच्या पाठीमागची भिंतही हलत होती. तीन आठवड्यांचे ते काम परत करावे लागले.

खालच्या कागदावरची रेघ वरच्या कागदातून दिसावी म्हणून लाइट बॉक्स लागतो. त्यासाठी उथळ लाकडी खोके, त्याच्या तळाशी एलईडी पट्टी, वर काच आणि काचेखाली उजेड सारखा पसरावा म्हणून बटर पेपर एवढे पुरते. कागद ७० किंवा ७५ जीएसएमचा साधा ए-४ घ्यावा. तो जाड असला तर खालची रेघ दिसत नाही. सीताबर्डीच्या कोणत्याही स्टेशनरीच्या दुकानात तो मिळतो. कच्च्या रेघेसाठी निळी किंवा लाल रंगपेन्सिल आणि पक्क्या रेघेसाठी २-बी पेन्सिल असावी.

नागपूरच्या उन्हाळ्याबद्दल एक गोष्ट सांगणे भाग आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो तेव्हा कूलरशिवाय बसता येत नाही, आणि कूलरची हवा दमट असते. त्या हवेत कागद फुगतो, कडा वळतात आणि भोके खुंट्यांवर सैल पडतात. कामाचे टेबल कूलरच्या झोतापासून दूर असावे आणि काढलेली चित्रे रात्री वजनाखाली, बंद फाइलमध्ये ठेवावीत.

वेळेचे गणित आणि पहिला चेंडू

चित्रपटाच्या एका सेकंदात २४ फ्रेम, म्हणजे एकामागून एक दिसणारी २४ स्थिर दृश्ये असतात. प्रत्येक फ्रेमला वेगळे चित्र काढले तर त्याला ‘ऑन वन्स’ म्हणतात. एक चित्र दोन फ्रेम टिकवले तर ‘ऑन टूज’, म्हणजे सेकंदाला १२ चित्रे. विद्यार्थ्याने सुरुवातीचे वर्ष बिनदिक्कत ऑन टूजवर काढावे. कोणते चित्र कोणत्या फ्रेमवर आणि किती वेळ, याची नोंद ज्या तक्त्यात करतात त्याला एक्स-शीट म्हणतात. हा तक्ता आधी भरावा आणि मग चित्राला हात घालावा, ही सवय लागायला वेळ लागतो. पण ती लागली की निम्मी चित्रे वाया जाणे थांबते.

आता चेंडू. एक मीटर उंचीवरून सोडलेली वस्तू जमिनीवर यायला सुमारे ०.४५ सेकंद लागतात, म्हणजे साधारण ११ फ्रेम, म्हणजे ऑन टूजवर पाच ते सहा चित्रे. पडणारी वस्तू सारख्या वेळात सारखे अंतर कापत नाही. तिची अंतरे १, ३, ५, ७, ९ या विषम संख्यांच्या प्रमाणात वाढत जातात. आडव्या ए-४ कागदावर १२.५ सेंटिमीटरची उभी रेघ ओढावी आणि वरून मोजत अर्धा, २, ४.५, ८ आणि १२.५ सेंटिमीटरवर खुणा कराव्यात. सगळ्यात वर चेंडू सुटण्याचे चित्र आणि या पाच खुणांवर पाच चित्रे काढली की चेंडू खऱ्यासारखा पडतो. चित्रे किती वेळ टिकतात ते टायमिंग आणि दोन चित्रांमध्ये अंतर किती पडते ते स्पेसिंग. या दोन शब्दांतला फरक डोक्यात न राहता बोटांत उतरावा, यासाठी ही पट्टीची मोजमापे आहेत.

वर उसळताना हेच माप उलट्या क्रमाने वापरावे. दुसरी उसळी किती उंच जाईल हे खऱ्या चेंडूवरून ठरवावे. ती पहिलीच्या निम्मी असेल तर तिला लागणारा वेळ निम्मा होत नाही, साधारण सात-दशांश होतो. म्हणून पाचऐवजी तीन किंवा चार चित्रे येतात. नवशिके इथे हमखास चुकतात आणि त्यांच्या चेंडूच्या शेवटच्या उसळ्या घाईने उरकल्यासारख्या दिसतात. रबरी चेंडू जमिनीला टेकताच एका चित्रापुरता चपटा करावा, पण जितका चपटा तितका रुंदही करावा, म्हणजे त्याचे आकारमान बदलल्यासारखे वाटणार नाही. फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या डिस्नेच्या दोन ॲनिमेटरनी १९८१ मध्ये ॲनिमेशनची बारा तत्त्वे ग्रंथरूपाने मांडली. त्यांत हे दाबणे-ताणणे पहिले आहे.

यानंतर संत्र्याकडे यावे. संत्रे चपटे होत नाही, म्हणून त्याचे वजन केवळ स्पेसिंगमधून आणि थांबण्याच्या रीतीतून दाखवावे लागते. त्याच्या देठाची खूण प्रत्येक चित्रात काढावी, कारण ती फिरली तरच संत्रे घरंगळल्यासारखे वाटते. सात सेंटिमीटर व्यासाचे संत्रे एका पूर्ण फेरीत सुमारे २२ सेंटिमीटर पुढे जाते. चित्रात ते त्याहून जास्त सरकले तर पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण ते बर्फावरून घसरल्यासारखे दिसते.

चित्रे काढताना शेवटचे चार-पाच कागद डाव्या हाताच्या बोटांत धरून मागेपुढे उलटत राहावेत. सुरुवातीला बोटे अडखळतात. महिनाभराने ती न पाहता चालतात आणि चूक रेघ ओढण्याच्या आधीच दिसू लागते.

तोच चेंडू संगणकावर

कागदावरची चित्रे मोबाइल एका जागी पक्का बसवून, वरून एकेक करून टिपावीत आणि ती सॉफ्टवेअरमध्ये ओळीने लावावीत. यालाच पेन्सिल टेस्ट म्हणतात. पैसे खर्च करण्याची गरज नाही. क्रिता, ओपनटून्झ आणि ब्लेंडर ही तिन्ही मोफत आहेत. सरळ चित्रे काढण्यासाठी क्रिता बरे. स्कॅन केलेल्या चित्रांना रंग भरण्यासाठी आणि एक्स-शीटच्या शिस्तीसाठी ओपनटून्झ. आणि ब्लेंडरमध्ये त्याच्यातल्याच ग्रीस पेन्सिल या साधनाने चित्रेही काढता येतात, त्रिमितीय कामही होते. मोफत म्हणजे दुय्यम, असा समज मनात ठेवू नये. २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर मिळवणारा लॅटव्हियाचा ‘फ्लो’ ब्लेंडरमध्येच तयार झाला आहे. पेन टॅबलेट लहान, साधा घ्यावा. पडदा असलेला महागडा टॅबलेट पहिल्या वर्षी लागत नाही.

आता ब्लेंडरमध्ये एक गोल घेऊन वर एक कीफ्रेम, जमिनीवर एक आणि उसळी संपते तिथे पुन्हा वर एक कीफ्रेम द्यावी, म्हणजे त्या-त्या फ्रेमला चेंडू कुठे असेल ते नेमून द्यावे. मधल्या फ्रेम संगणक स्वतः भरतो आणि त्या भरताना सुरुवात व शेवट दोन्हीकडे गती मऊ करतो. त्यामुळे चेंडू जमिनीजवळ येताना हळू होतो, जणू फुगाच खाली उतरतो आहे. कागदावर अर्धा, २, ४.५ मोजलेल्या विद्यार्थ्याला ही चूक तत्काळ खटकते. ग्राफ एडिटर, म्हणजे हालचाल वक्र रेषेत दाखवणारी खिडकी, उघडून वरच्या कीफ्रेमचा वळसा तसाच ठेवावा आणि जमिनीवरच्या कीफ्रेमची टोके मोडून तिथे इंग्रजी व्ही अक्षरासारखा कोन करावा. चेंडू लगेच आदळू लागतो. ज्याने कागद वगळला आहे, तो इथे तासभर बटणे दाबत बसतो. ग्राफ एडिटरमधली वक्र रेषा म्हणजे आपल्याच खुणांचे दुसरे रूप आहे, हे ज्या दिवशी विद्यार्थ्याला उमजते त्या दिवसापासून त्याची प्रगती झपाट्याने होते, असा माझा अनुभव आहे.

संगणकाचे उपकार मात्र मान्य केले पाहिजेत. ऑनियन स्किनमुळे मागचे-पुढचे चित्र फिकट रंगात दिसते, चूक पुसता येते, रंग क्षणात बदलतो, आणि केलेले काम त्याच मिनिटाला चालवून पाहता येते. चालवून पाहण्याची ही सोय इतकी मोलाची आहे की ती मिळाल्यावर मी कोणालाही केवळ कागदावर थांबायला सांगणार नाही.

माणसांची चाल

चेंडू, संत्रे, मग पिठाची अर्धी भरलेली पिशवी आणि त्यानंतर माणूस, हा क्रम मोडू नये. चालण्याच्या एका पावलासाठी १२ फ्रेम हे नेहमीचे माप आहे. त्यात टाच टेकण्याची, अंग खाली जाण्याची, एक पाय दुसऱ्याशेजारून जाण्याची आणि अंग वर उचलले जाण्याची, अशा चार पोझ आधी पक्क्या कराव्यात. या मुख्य चित्रांना ‘की’ (key) म्हणतात, दोन कींमधले वळण ठरवणाऱ्या चित्राला ब्रेकडाउन आणि उरलेल्यांना इनबिटवीन. ब्रेकडाउनमध्ये ॲनिमेटरचा स्वभाव दिसतो, त्यामुळे ते दोन कींच्या बरोबर मध्ये ठेवायचा आळस करू नये.

हे माप मात्र सरासरीचे आहे, आणि सरासरी माणूस कोठेच चालत नाही. त्यासाठी बाहेर पडावे. सीताबर्डीच्या मेट्रो स्थानकाबाहेर उभे राहून कार्यालयाला निघालेल्यांची पावले मोजावीत, संध्याकाळी फुटाळ्याच्या काठी रेंगाळणाऱ्यांची मोजावीत, महाराजबागेत जाऊन हरणांच्या मानेची आणि कानांची झटपट रेखाटने करावीत. एका रेखाटनाला ३० सेकंदांहून जास्त वेळ देऊ नये. मोबाइलवर चित्रण करून फ्रेम मोजायच्या असतील तर आपला फोन बहुधा सेकंदाला ३० फ्रेम घेतो हे लक्षात ठेवावे. त्यातल्या १५ फ्रेम म्हणजे आपल्या १२.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणारी मारबतीच्या भल्यामोठ्या पुतळ्यांची मिरवणूक तर नागपूरच्या विद्यार्थ्याने वही घेऊनच पाहावी. एवढा मोठा पुतळा पुढे सरकताना त्याचा वरचा भाग मागे रेलतो, मिरवणूक थांबली तरी तो क्षणभर पुढे झुकत राहतो आणि लोंबणारे कापड त्याच्याही नंतर स्थिरावते. मुख्य शरीर थांबल्यावर सुट्या भागांनी मागाहून थांबणे हे बारा तत्त्वांपैकी एक असून ते इतक्या मोठ्या आकारात, इतक्या जवळून दुसरीकडे क्वचितच पाहायला मिळते.

वस्तू हलवून केलेले ॲनिमेशन

ज्याला चित्र काढण्याचा धीर होत नाही, त्याने स्टॉप मोशनने सुरुवात करावी. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ मध्ये काड्यापेटीतल्या काड्या एकेक करून सरकवत ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट केला होता, म्हणजे आपल्याकडे या कलेची सुरुवातच घरातल्या वस्तूपासून झाली. आपल्या घरी तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे मुलांच्या पोळ्याचा, लाकडी बैल असतो. त्याला चाके असतात, त्यामुळे तो सरळ रेषेत सरकतो आणि मापे नेमकी घेता येतात. टेबलावर पट्टी चिकटवावी आणि बैल पहिल्यांदा १ मिलिमीटर, मग २, मग ४, मग ७ आणि त्यापुढे १० मिलिमीटर असा वाढवत न्यावा. थांबवताना हाच क्रम उलटा करावा. सेकंदाला १२ छायाचित्रे धरली तर दहा सेकंदांसाठी १२० लागतात. एवढे काम एका रविवारी होते.

खिडकी पूर्ण बंद करावी, कारण दोन तासांत ऊन सरकते आणि चित्रपटात सावली पळताना दिसते. फोनमधला फोकस, एक्सपोजर आणि रंगसमतोल लॉक करावा. आपल्याकडचा वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने काही दिव्यांचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. शटरचा वेग १/५० सेकंद ठेवला तर ही लुकलुक बहुतांशी टळते. आपण गडद कपडे घालावेत, पांढऱ्या सदऱ्याचा उजेड वस्तूवर पडतो. मातीच्या बाहुल्यांचे काम हिवाळ्यासाठी राखून ठेवावे. आपल्या उन्हाळ्यात प्लॅस्टिसिन इतके मऊ होते की बाहुलीचा हात वर केला की तो आपोआप खाली येऊ लागतो.

मराठी बोलणारा चेहरा

या विषयावर मराठी विद्यार्थ्यांना सर्वांत कमी मार्गदर्शन मिळते, म्हणून थोडे विस्ताराने सांगते. ओठांच्या हालचालींचे जे तक्ते सर्वत्र मिळतात ते इंग्रजी अक्षरांवर बेतलेले असतात आणि ते जसेच्या तसे वापरले की मराठी पात्र डब केल्यासारखे वाटते. आपल्याला तक्ता शोधण्याची गरजच नाही, कारण आपली वर्णमाला उच्चाराच्या स्थानानुसारच लावलेली आहे. क-वर्ग कंठातला, तो बाहेरून दिसतच नाही. ट-वर्गात जीभ आत वळते, तीही फारशी दिसत नाही. त-वर्गात जिभेचे टोक दातांमागे दिसते. प-वर्गात ओठ पूर्ण मिटतात. म्हणजे चेहऱ्यावर खरे महत्त्व प-वर्गाला आणि स्वरांना आहे.

आरसा समोर ठेवून ‘आई, पाणी दे’ हे वाक्य सावकाश म्हणून पाहावे. ‘आ’ला जबडा उघडतो, ‘ई’ला ओठांचे कोपरे ताणले जातात, ‘पा’च्या आधी ओठ घट्ट मिटतात आणि एकदम उघडतात, ‘णी’ला पुन्हा कोपरे ताणले जातात, ‘दे’ला तोंड अर्धे उघडे राहते. चार आकारांत वाक्य संपले. मिटलेले ओठ किमान दोन फ्रेम दिसले पाहिजेत, एरवी ‘पा’चा ‘आ’ होतो. ओठांची हालचाल आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी ठेवली तर ती जास्त जुळलेली वाटते. आवाज आपल्या घरातल्याच माणसाचा ध्वनिमुद्रित करावा, वऱ्हाडी बोलीतला असेल तर फारच उत्तम. तिचे हेलकावे ऐकताना मान आणि भुवया कुठे उचलायच्या ते आपोआप सुचते. ध्वनिमुद्रण प्रथम, एक्स-शीटमध्ये अक्षरांची नोंद नंतर आणि चित्रे सर्वांत शेवटी, हा क्रम पाळावा.

शिक्षण कोठे घ्यावे

शाळेत असाल तर एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा अवश्य द्याव्यात. त्यातला वस्तुचित्राचा सराव इथे थेट उपयोगी पडतो. नागपुरात शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे आणि चित्रकलेचा पाया पक्का करायला ते योग्य ठिकाण आहे. ॲनिमेशनचेच उच्च शिक्षण घ्यायचे असेल तर अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था आणि मुंबई आयआयटीचे आयडीसी हे डिझाइनचे विद्यालय या दोन जागा डोळ्यांसमोर ठेवून त्यांच्या प्रवेश परीक्षांची तयारी एक वर्ष आधी सुरू करावी. खासगी वर्गात पैसे भरण्यापूर्वी तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या पेन्सिल टेस्ट पाहायला मागाव्यात. एका वर्गाने वर्षाची फी आगाऊ घेऊन केवळ मेनूमधली बटणे शिकवल्याची तक्रार घेऊन माझ्याकडे तीन मुले आली होती. त्यांच्यापैकी एकालाही चेंडू आपटता येत नव्हता. चित्रे दाखवण्याची ज्यांची तयारी नाही, तिथे फी भरू नये.

कोणाला अशा संस्थेत प्रवेश मिळाला नाही म्हणून खचून जाण्याचे कारण नाही. मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजन या सरकारी चित्रपटसंस्थेच्या कार्टून विभागात १९५६ मध्ये डिस्नेमधून आलेल्या क्लेअर वीक्स यांच्याकडून काही तरुणांनी हे तंत्र शिकून घेतले. राम मोहन त्यांपैकी एक होते, आणि पुढे देशातल्या कित्येक ॲनिमेटरना त्यांनी घडवले. त्यांच्याकडे कागद, पेग बार आणि वेळ होता. त्या तिन्ही गोष्टी आज तुमच्याकडे आहेत.

वर्षाच्या शेवटी शोरील, म्हणजे आपल्या निवडक कामाची छोटी चित्रफीत, करावी. ती एका मिनिटाहून मोठी नसावी, सर्वांत चांगले काम पहिल्या दहा सेकंदांत यावे आणि गटाने केलेल्या कामात आपला वाटा कोणता ते स्पष्ट लिहावे. तिच्यात संगणकाने तयार केलेल्या चकचकीत अंतिम दृश्यांच्या (रेंडरच्या) आधी पेन्सिल टेस्ट ठेवण्यास संकोच करू नये, कारण निवड करणारे अनुभवी लोक आधी हालचालच पाहतात. सगळ्या फाइलना तारीख आणि क्रमांक द्यावा, त्यांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावी. कागदावरची मूळ चित्रे क्रमाने, दोऱ्याने बांधून, कोरड्या जागी जपावीत; पुढच्या वर्षी त्याच संत्र्यावर पुन्हा काम करताना ती समोर लागतील.